सात जणी सुरू झाल्या, दोघी उरल्या: आता पुढे काय?

देवगड तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: दिवाळीनंतर वाडीतल्या आम्ही सात जणींनी सकाळी चालायला सुरुवात केली. पहिला महिना जोरात गेला. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला, दर सोमवारी प्रत्येकीने वजन टाकायचं ठरलं. संक्रांतीपर्यंत पाच जणी गळाल्या. आता मी आणि धाकटी जाऊ उरलोय, त्याही आठवड्यातून दोन-तीनदा. वय ४२, वजन ७४ किलो, शुगर काठावर. डॉक्टरांनी पाच-सहा किलो उतरवायला सांगितलंय, गोळी अजून नाही. ग्रुपचं असंच होतं का? एकटीनेच करावं का? आणि सासूबाईंना (वय ६८, गुडघे दुखतात) सोबत घेता येईल का?

ताई, सातातल्या पाच जणी गळाल्या यात नवल नाही आणि तो तुमच्या वाडीचा आळसही नाही. मी मालवणात बरीच वर्षं बायकांना आणि शाळेतल्या मुलींना व्यायाम शिकवते, त्याआधी कबड्डी खेळायचे. सकाळचे गट जमताना आणि मोडताना पुष्कळ पाहिलेत. जे मोडतात त्यांच्यात एक गोष्ट हमखास दिसते: एखादी आली नाही तर बाकीच्यांचं काहीच अडत नाही. सगळ्या एका रस्त्याने, एका वेळी चालतात, एवढाच काय तो संबंध. तुमच्या लिहिण्यात मला तेच दिसलं. गट हवा की नको हे नंतर बघू. गटात प्रत्येकीचं काम काय, हे आधी ठरवावं लागतं.

तुम्ही किनाऱ्यावरच्या, म्हणजे रापण पाहिली असणारच. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून येते आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढायला लागतात, टाचा वाळूत रुतवून, अंग मागे टाकून. एक बाजू पुढे गेली तर जाळं तिरकं होतं, म्हणून दोन्ही रांगांचं लक्ष एकमेकींकडे. ओढणाऱ्याला मासळीचा वाटा मिळतो, त्यामुळे कोण खरंच ओढतोय आणि कोण नुसता दोराला हात लावून उभा आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. गंमत म्हणजे माक्स रिंगेलमान नावाच्या एका फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढायला लावूनच प्रयोग केले होते, ते १९१३ साली छापून आले. माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला. आठ जण झाले तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याच्या निम्म्यावर आला. थोडं यामुळे की सगळ्यांची ओढ एका क्षणी बसत नाही, आणि थोडं यामुळे की 'बाकीचे आहेत की'. पुढे इतरांनी टाळ्या वाजवणं, ओरडणं अशा साध्या कामांत हेच तपासलं. आपला वाटा वेगळा मोजला जातोय हे कळलं की ढिलाई बरीचशी जाते, असं दिसलं. रापणकरांना हे कुणी शिकवावं लागलं नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही मोजत होतोच की, दर सोमवारी वजन. नेमकी तिथेच गाडी घसरली असं माझं मत आहे. वजन हे त्या आठवड्यात केलेल्या कष्टाचं माप नाही. पाळीच्या आधी अंगात पाणी धरतं, रविवारी खारं सुकट जास्त झालं, की किलो-दीड किलो इकडचं तिकडे होतं. जिने सहा दिवस न चुकता चालून सोमवारी काटा वर गेलेला पाहिला, तिने तो आकडा सहा जणींसमोर टाकायचा? ती पहिल्यांदा आकडा टाकायचं विसरते, मग यायचं विसरते. त्यात वयं वेगळी, बांधे वेगळे, एकीला थायरॉइड, एकीचं बाळ वर्षाचं. सगळ्यांच्या वजनाची तुलना म्हणजे कुणीतरी दर आठवड्याला हरणार हे ठरलेलंच. तो तक्ता आजच बंद करा. ज्याची त्याची वजनं ज्याच्या त्याच्याकडे राहू देत.

तुमच्या शुगरसाठीही हे महत्त्वाचं आहे. अमेरिकेत २००२ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. शुगर काठावर असलेल्या लोकांना ७ टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा, असं ध्येय दिलं होतं. साधारण तीन वर्षांत त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी आढळलं. तुमच्या ७४ किलोंचे ७ टक्के म्हणजे पाच किलोंच्या जरा वर, डॉक्टरांनी सांगितलेला आकडा त्याच्याशी जुळतो. पण २००६ साली आपल्याकडचा, चेन्नईच्या डॉक्टरांचा अभ्यास आला. त्यात खाणंपिणं आणि चालणं सुधारलेल्यांचा धोका २८ टक्क्यांच्या आसपास कमी झाला, आणि तोही वजन फारसं न हलता. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या बायकांना सांगते, काटा हलला नाही म्हणून चाललेलं फुकट जात नाही. महिन्यातून एकदा घरी, दार लावून, बेंबीच्या रेषेत कंबर मोजा. बास.

मग सगळ्यांसमोर मोजायचं काय? हजेरी. आली की नाही, एवढंच. ते प्रत्येकीच्या हातात असतं आणि त्यात ९० किलोची आणि ५५ किलोची दोघी सारख्याच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत आद्याक्षर लिहायचं. मोबाइलवर नको, ग्रुपवर शुभ सकाळच्या गुलाबांखाली कोण आलं, कोण नाही हे दुपारपर्यंत पार दिसेनासं होतं.

आता वेगाचं बघू, कारण चालणारे गट बहुतेक वेळा याच्यावरच मोडतात. दोघी पुढे निघून जातात, दोघी धापा टाकत मागे. पुढच्यांना वाटतं आपला व्यायाम होत नाही, मागच्यांना वाटतं आपलं लोढणं झालंय. सोपा उपाय आहे, माझ्याकडे सगळ्या गटांत हाच चालतो. अंतर ठरवूच नका, वेळ ठरवा. सहाला सगळ्यांनी एका जागेवरून, समजा देवळापासून, निघायचं. प्रत्येकीने आपापल्या वेगाने वीस मिनिटं चालायचं. वीस मिनिटं झाली की शिट्टी किंवा मोबाइलचा गजर, आणि जी जिथे असेल तिने तिथूनच मागे वळायचं. आता गंमत बघा: जी सगळ्यांत पुढे होती ती आता सगळ्यांत मागे, आणि जी मागे होती ती पुढे. परतताना प्रत्येकीने वेग राखला तर सगळ्या चाळीस मिनिटांनी देवळापाशी साधारण एकदमच पोचतात. कुणी जास्त अंतर कापलं, कुणी कमी, पण कुणाला कुणासाठी थांबावं लागलं नाही. शिवाय परतीच्या वाटेवर वेगवान बाई हळू बाईला गाठायला बघते आणि हळू बाई गाठू द्यायची नाही म्हणून पाय उचलते. बरं, वेग पुरेसा आहे हे कसं ओळखायचं? बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढी धाप हवी. गप्पा रंगल्या असतील तर जरा जोर लावा.

जोड्या लावताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ओटो क्योलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात होडी वल्हवणाऱ्या क्लबातल्या गड्यांवर प्रयोग केले. वजनाचा दांडा एकट्याने उचलत राहायचा, मग जोडीने. जोडीत एक थकला की काम थांबलं, अशी व्यवस्था. कमी ताकदीचा गडी एकट्याने जितका टिकायचा त्याहून जोडीत जास्त टिकला, कारण आपल्यामुळे दुसऱ्याचं अडू नये. पण हे सगळ्यांत जास्त कधी झालं? दोघांच्या ताकदीत थोडा फरक होता तेव्हा. अगदी बरोबरीचे असले तर ईर्षा फारशी लागत नाही, आणि फरक फारच असला तर दुबळा आधीच हार मानतो. तुमच्या वाडीत रोज नदीवर कपडे धुणारी, माडाच्या झावळ्या ओढणारी एखादी काटक बाई असेल, तिची जोडी सगळ्यांत जड बाईशी लावू नका. जरा पुढची आणि जरा मागची अशी जोडी जमते.

मी मात्र जोडीपेक्षा तिघी पसंत करते. दोघींत एकीला ताप आला की दुसरीला न जायला आयतं कारण मिळतं. तिघींत एक कमी झाली तरी दोघी उरतात, आणि रिकामी जागा डोळ्यांत भरते. सात जणींत एक कमी झाली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून तुमच्या गळालेल्या पाच जणींना परत 'सगळ्या या गं' असं आमंत्रण देऊ नका. एकीच्याच घरी जा. कुणाच्या? जी सगळ्यांत शेवटी गळाली तिच्या. तिची सवय अजून पुरती मोडलेली नसेल. बाकीच्या बघून येतील, नाहीतर त्यांची वेगळी तुकडी होईल.

आणि दांडी मारणाऱ्या बाईला बोल लावायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगा. आमच्याकडे पद्धत अशी: एक दिवस चुकला तर काही नाही. लागोपाठ दोन चुकले की तुकडीतली एक तिच्या दारात जाते. 'काल खंय होतंस गो?' एवढंच विचारायचं आणि मग काय अडलंय ते ऐकायचं. बहुतेक वेळा आळस नसतोच. मुलाची परीक्षा असते, नळाला पाणी सहालाच यायला लागलेलं असतं, नवऱ्याची पाळी बदललेली असते. अशा वेळी तुकडीची वेळ पंधरा मिनिटांनी सरकवली की बाई परत येते. खाण्याबद्दल मात्र कुणी कुणाची झडती घेऊ नये. 'काल हळदीकुंकवाला तीन लाडू खाल्लेस ना' असं चारचौघींत म्हटलं की ती दुसऱ्या दिवशी येणार नाही, आणि लाडू घरी एकटीने खाईल.

आता जरा नाजूक विषय. उरलेल्या दोघी तुम्ही आणि जाऊ, म्हणजे एकाच स्वयंपाकघरातल्या. दोघी सहाला बाहेर पडलात तर चहा, डबे, पाणी भरणं, सगळं सातनंतर एकदम अंगावर येतं. तुम्ही आठवड्यातून दोन-तीनदाच जाता याचं कारण मला इच्छाशक्तीपेक्षा हे जास्त वाटतं. तुम्ही ते लिहिलेलं नाही, मी अंदाज करतेय; चुकत असेन तर सोडून द्या. पण खरं असेल तर तुमच्या फिटनेसच्या टीममध्ये घरातले पुरुषही धरा. एक जण चहा टाकेल आणि पाणी भरेल, दुसरा मुलांना उठवेल, एवढं दोन्ही भावांकडून स्पष्ट शब्दांत ठरवून घ्या. 'मदत करा' म्हणून होत नाही. 'पावणेसहाला पाण्याची मोटर तुमची' म्हणून होतं. ज्या बायका माझ्याकडे वर्षानुवर्षं टिकल्या, त्यांच्या घरी अशी काही ना काही वाटणी झालेली आहे.

किती करायचं याचं माप जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलंय: मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. चाळीस मिनिटांचे चार दिवस म्हणजे १६० मिनिटं झाली. ताकदीच्या दोन दिवसांसाठी जिम नको: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, पायरीवर टाचा उचलणं, पाण्याने भरलेली कळशी आलटून-पालटून दोन्ही हातांनी उचलणं. तिघी असलात तर एक करते, एक मोजते, एक दम खाते. मोजणाऱ्या बाईसमोर शेवटच्या दोन खेपा कशा निघतात ते बघाच. वाडीत जांभ्याची पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) असेल तर महिन्याभराने तीही चढायला घ्या. मृगानंतर मात्र पाखाडीला शेवाळ धरतं, तेव्हा तिच्या वाटेला जायचं नाही.

किनाऱ्यावर चालायचं तर तिथीप्रमाणे वार लावा. आपल्याकडचा जुना हिशेब ठाऊक असेलच, तिथीच्या पाऊणपट वाजता भरती. म्हणजे अष्टमीला सकाळी सहाला पाणी पुरतं वर, तेव्हा चालायला उरते ती मऊ, पाय रुतणारी वाळू; पोटऱ्या आणि टाचा दुखतात. पौर्णिमा-अमावास्येला आणि पुढचे दोन-तीन दिवस सकाळी ओहोटी असते, ओली वाळू घट्ट असते, ते दिवस समुद्रावर घ्या. किनारा उतरता असतो, म्हणून गेलात त्याच रेषेतून परत या, नाहीतर एकाच पायावर आणि कमरेच्या एकाच बाजूवर ताण येत राहतो.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगते. सगळ्यांना गट मानवतोच असं नाही. काही बायकांना दिवसभरात मिळणारा एकांत म्हणजे तेवढीच चाळीस मिनिटं. त्यांना जोर करून तुकडीत ओढू नये, हजेरी तेवढी कॅलेंडरवर लिहायला सांगावी. गळालेल्यांपैकी कुणी मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेत असेल तर तिने डॉक्टरांना विचारून यावं, खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी आणि ती पुडी कुठे आहे हे बाकीच्या दोघींना माहीत असावं. घाम सुटून हात थरथरले, बाई असंबद्ध बोलायला लागली की ती शुद्धीत असेपर्यंतच साखर द्यायची. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ आली तर तिथेच थांबायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा. अशा वेळी सोबत असलेली बाई नुसती उत्साह वाढवण्यापुरती राहत नाही. अंधाराच्या रस्त्याला कुत्री असतात, आपल्याकडे बिबट्याही फिरतो, त्यामुळे फटफटल्याशिवाय निघू नका, थंडीत सहाला अंधार असेल तर वेळ तेवढी पुढे सरकवा आणि बॅटरी बरोबर ठेवा.

आणि हे वर्षभर असंच चालेल असं धरून चालू नका. कोकणातला गट ऋतूवर मोडतो. आता शिमग्यापर्यंत हवा चांगली आहे, तेवढीच मुदत ठरवा. मार्चपासून देवगडात हापूसचा हंगाम. तुमच्यातल्या कितीजणी आंबे निवडायला, पेट्या भरायला जातील ते तुम्हालाच ठाऊक. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बाईला सकाळी चाळीस मिनिटं नकोच, तिला दोन दिवसांचा ताकदीचा भाग पुरे. मे महिन्यात चाकरमानी, जूनमध्ये पाऊस आणि लावणी. पावसात देवळाच्या सभामंडपात या: झिम्मा, फुगडी घ्या. ऑक्सफर्डच्या होडी वल्हवणाऱ्या मुलांवरचा २०१० सालचा एक छोटा अभ्यास आहे. तेवढाच व्यायाम एकट्याने केल्यापेक्षा लयीत मिळून केल्यावर त्यांची दुखणं सोसण्याची ताकद जास्त वाढलेली दिसली. रात्रभर पालखी नाचवणाऱ्याला हे सांगायची गरज नाही म्हणा! फक्त चक्कर येणाऱ्या आणि गुडघ्याला सूज असणाऱ्या बायकांनी फुगडीऐवजी झिम्म्यावर भागवावं. गणपतीत पंधरा दिवस सुट्टी, हे आधीच जाहीर करा. जाहीर केलेल्या सुट्टीनंतर माणसं परत येतात. आपोआप पडलेल्या खंडानंतर ज्याला-त्याला वाटतं, बंदच पडलं असेल.

थोडक्यात, या आठवड्यात तीन कामं: वजनाचा तक्ता बंद, शेवटी गळालेल्या बाईच्या घरी चक्कर, आणि भावांशी पाण्याच्या मोटरची वाटणी. चालण्याची मिनिटं त्यानंतर मोजा.

राहिल्या सासूबाई. त्यांना रस्त्यावर तुमच्याबरोबर ओढू नका, त्या वेगात गुडघे आणखी धरतील. पण घरी बसवूनही ठेवू नका. झिजेच्या गुडघेदुखीत बेताचा व्यायाम फायद्याचा असतो. सांधा लाल होऊन सुजला असेल किंवा मध्येच अडकत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. नाहीतर खळ्यात (अंगणात) त्यांना झेपेल एवढ्या फेऱ्या, आणि खुर्चीवरून उठणं-बसणं, सुरुवातीला हात टेकून, पाच-सहा वेळाच. पासष्टीनंतर तोल राखण्याचा सराव आठवड्यात तीन दिवस करावा असं त्याच आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे, म्हणून दाराची चौकट धरून एका पायावर दहा आकडे, मग दुसऱ्या. कॅलेंडरवर हजेरी लिहायचं काम त्यांच्याकडे द्या. कोण आलं नाही हे सासूबाई विसरणार नाहीत. खुर्ची तेवढी प्लास्टिकची घेऊ नका, सारवलेल्या जमिनीवर तिचे पाय सरकतात. हातांची लाकडी खुर्ची घ्या आणि ती भिंतीला टेकवून ठेवा.